गिल्टचा ठावठिकाणा

मंगळवारी मी भेंडी चिरत होते, तेव्हा बापटांचा फोन आला. "ताई, मास्तर गेला. छातीत दुखतंय म्हणाला, तसं लगेच दवाखान्यात नेलं मी. लगेच."

मास्तर म्हणजे माझा दादा, निवृत्त इंग्रजी शिक्षक. तेव्हापासून भेटायला येणारा प्रत्येक जण त्याचा एक तरी किस्सा माझ्याकडे ठेवून जातो.

*

दर रविवारी गढा भागातल्या त्याच्या घरी आम्हा तिघांचा चहा असायचा: दादा, मी आणि त्याचे शाळूसोबती बापट. नियम दादाचा. बोलताना इंग्रजी शब्द आला, की त्याचं मूळ सांगायचं. नाही सांगता आलं, तर पुढच्या रविवारी त्यानं खोव्याची जलेबी आणायची!

बापट एकदा वैतागले. "अरे, जलेबी खाऊन डायबिटीस होईल मले!"

"डायबिटीस? सांग मूळ."

*

हा किस्सा विजय नगरच्या डॉक्टरांनी सांगितलेला. तपासताना ते म्हणाले, "मास्टरजी, टेन्शन मत लीजिए."

"पहले बताइए, ये शब्द आया कहाँ से?"

डॉक्टरांनी जलेबी पाठवली, पण माझ्या घरी. दादाचं गोड त्यांनीच बंद केलं होतं!

*

बापटवहिनी गेल्या वर्षी गेल्या. छातीत दुखतंय म्हणाल्या, तर बापट म्हणाले, "उद्या दाखवू." रात्रीच सगळं संपलं. त्यानंतर बापट रविवारी येत, पण बोलत नसत.

दादाच्या शेवटच्या रविवारी मात्र एकदम म्हणाले, "मास्तर, गिल्ट जात नाही रे."



दादा म्हणाला, "सांग मूळ."

"दादा! काहून असं करून राहिला?"

बापट कप ठेवून उठले.

"बस. जुन्या इंग्रजीत गिल्ट म्हणजे केलेला गुन्हा. मनाची टोचणी हा अर्थ फार नंतर चिकटला. कोर्ट अजूनही विचारतं, केलंस का? वाटतं का, असं नाही विचारत. तू केलंस?"



"मी फक्त उद्या म्हणालो."

"मग तो शब्द तुझा नाही."

बापट हळूच बसले. "पण हा शब्द आला कुठून?"

दादानं चष्मा काढला. "जुन्या इंग्रजीच्या मागचं कोणालाच सापडलेलं नाही. मलाही नाही."

वर्षभरात पहिल्यांदाच बापट हसले. "मग जलेबी तुझ्यावर, मास्तर!"

"रविवारी आणतो."

*

रविवारी बापट माझ्याकडे आले. आम्ही चहा घेतला. दादाची जलेबी आणायची राहिली.