एक माळ आणि बत्तीस पावलं

आमच्या जिल्ह्यात लांबलांबून लोक वाघ पाहायला येतात. मी घराबाहेर पडले ती वाघाची छापून आलेली खोटी बातमी निस्तरायला, आणि खरं सांगते, भद्रावतीपासून सिंदेवाहीपर्यंत माझं डोकं तापलेलंच होतं.

माझी लेक प्रणाली विद्यापीठात पत्रकारिता शिकते, दुसरं वर्ष. अभ्यासाचा भाग म्हणून दोन महिने घरी राहून एका पेपरच्या चंद्रपूरच्या कचेरीत काम शिकायचं होतं. दिवाळी झाल्यावर तिच्या नावानिशी पहिली बातमी आली, तीही पहिल्या पानावर : ‘सरपणासाठी जंगलात गेलेली महिला वाघाच्या हल्ल्यात जखमी’. मी दहावी शिकलेली बाई. आमच्या घराण्यात कोणाचं नाव छापून आलं नव्हतं. मी ते कात्रण कापलं, हळदीकुंकू लावलं आणि देवघराच्या भिंतीला खळीनं चिकटवलं. आधी हा माझा गुन्हा सांगून टाकते, मग दुसऱ्यांचे.

भजनाला आलेल्या कमलताईंनी ते वाचलं. टाळ खाली ठेवला. म्हणाल्या, “हे माझ्या माहेरचं गाव आहे वो बाई. शेवंता जंगलात नाई गेली होती. आपल्या बांधीत धान कापून राह्यली होती.”

बांधी म्हणजे धानाचा वाफा, चारी बाजूंनी मातीचा बांध घातलेला. घरच्या अंगणासारखी आपली जागा.

जेवायला बसल्यावर प्रणालीला विचारलं, “तू त्या गावात गेली होती का?”

“नाही. आमच्या ग्रुपवर मेसेज आला होता.”

“फोन तरी?”

“लागला नाही. सरांना तासाभरात चार बातम्या हव्या होत्या, आई.”

तिची वही मी उघडून तिच्यासमोर ठेवली. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात : काय, कुठे, केव्हा, कोण, का, कसं. दुसऱ्या पानावर लाल रेघ मारून ‘घटनास्थळी जा’. दीड वर्ष हॉस्टेलवर राहून पोरगी ‘कुठे’ शिकली, आणि वेळ आली तेव्हा तोच प्रश्न विचारला नाही! भाजीवाल्याला भाव मी सुद्धा दोनदा विचारते, तेव्हा पिशवी पुढे करते. त्याच रात्री ठरलं, परवा निघायचं. प्रणाली म्हणाली, “मी एकटी जाते.” मी म्हटलं, “भिंतीला मी चिकटवलंय. मी पण येते.”

ठरल्या दिवशी सकाळी भद्रनागाच्या देवळात पाया पडून एसटी धरली. जाणाऱ्यांसाठी सांगते : भद्रावतीहून चंद्रपूर, तिथून गडचिरोलीची गाडी पकडून मूलला उतरायचं, मूलहून सिंदेवाहीची गाडी. चांदा फोर्टहून रेल्वेही आहे, पण तिच्या वेळा आधी विचारून घ्या. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, म्हणजे आम्हा मायलेकींचं मिळून एका माणसाचं भाडं. बाटलीत घरचं पाणी, डब्यात पोळ्या आणि तिळाची चटणी. मूलच्या स्टँडवर प्रणालीनं तर्री-पोहे घेतले, मी तिच्यातलेच दोन घास खाल्ले.

मूलहून सुटलेल्या गाडीत मी जपाची माळ काढली. कंडक्टर म्हणाला, “मावशी, आमच्या गाडीत बसल्यावर सारेच देवाचं नाव घेतात.” गाडी हसली. रस्त्यावरचे खड्डे पाहता त्याचं काही चुकलं नव्हतं. दोन्हीकडे पिवळं धान, मध्येच सागाचं जंगल रस्त्यापर्यंत येतं, पुन्हा धान. एरवी मी हात जोडले असते. त्या दिवशी मनात एकच चाललं होतं, की त्या बाईच्या दारात उभं राहून बोलायचं काय.

सिंदेवाहीहून गावापर्यंत ऑटो. ऑटोवाला माणसं भरेपर्यंत हलत नाही, तेव्हा घाई असेल तर आधीच पोचा. गावात कमलताईंचे भाऊ, नामदेवभाऊ, घ्यायला आले होते. शेवंताबाईचं घर त्यांच्या शेजारीच. पन्नाशीची, काटक बाई, डावा हात खांद्यापासून बांधलेला. अंगणात बसून उजव्या हातानं पोपटीच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत होती.

नामदेवभाऊंनी ओळख करून दिली. ती मान वर न करता म्हणाली, “अच्छा. पेपरवाली आली का? आता वाघाले पण विचारून या, तो कुठी होता म्हणून.”

प्रणाली तिच्या पायाशी वाकली. “काकू, माझी चूक झाली. मी न विचारता लिहिलं.”

“काऊन लिहिलं पण?”

तासाभरात चार बातम्या, हे त्या अंगणात कसं सांगणार?

मग शेवंताबाईच बोलायला लागली. “वाघाचं काई नाई वो. जनावर आहे. मी विळा मारला, तो पळाला. पण तुमच्या पेपरानं मले सरपणचोर केलं. जावई फोन करून म्हणते, काऊन गेली जंगलात? सारे मलेच बोलून राह्यले.”

नामदेवभाऊंनी पुढचं सांगितलं. कापणी होईपर्यंत राखणीला माणसं द्या म्हणून गावानं अर्ज केला होता. वनखात्याच्या साहेबांनी पेपर पुढे सरकवला. वाघ तुमच्या शेतात आला कुठे, बाईच जंगलात गेली, असं म्हणून अर्ज बाजूला. “आता बाया बांधीत जायले भेतात. धान उभं आहे. झडून चाललं.”

म्हणजे आमच्या भिंतीवरचं ते कात्रण नुसतं चुकीचं नव्हतं. त्यानं या गावाची कापणी अडवून ठेवली होती.

मी उठले. “जागा दाखवा.”

दुपारची वेळ होती, तरी एकटं कोणी निघालं नाही. सात-आठ बाया, दोघी पुढे ताट वाजवत, नामदेवभाऊ काठी घेऊन मागे. फिरायला येणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं : या भागात जंगलाकडेच्या शेतात फोटो काढायला एकट्यानं शिरू नका. आम्ही नको म्हणत असतानाही शेवंताबाई आली. बांधीत अर्धवट कापलेलं धान, पेंढ्या तशाच पडलेल्या. “इथी होती मी. विळा इथीच पडला.”

जंगलाच्या हद्दीचा पांढरा दगड समोर दिसत होता. प्रणाली फोटो काढायला लागली. मी म्हटलं, “फोटोत लांब-जवळ काही कळत नाही. मोज.” मोजायला टेप नव्हता. मी माळ हातात घेतली. दगडापासून निघायचं, एका पावलाला एक मणी. प्रणाली पावलं टाकत होती, मी तिच्या मागे मणी सरकवत. बायांनी ताटं वाजवायची थांबवली. मेरुमणी आला, माळ फिरवली, पुन्हा सुरू. विळ्याच्या जागी पोचलो तेव्हा एक माळ होऊन वर बत्तीस मणी झाले होते. एकशे आठ आणि बत्तीस, एकशे चाळीस पावलं. प्रणालीनं उलट दिशेनं पुन्हा मोजलं. तेवढीच. एवढं अंतर तिच्या बातमीनं एका शब्दात गिळलं होतं!

शेवंताबाई पहिल्यांदा हसली. “देवाची माळ आहे जी. खोटी नाई बोलणार.”

बांधावर उभं राहूनच प्रणालीनं कचेरीतल्या सरांना फोन लावला. स्पीकर मीच लावायला सांगितला.

“अगं, वाघ खरा, बाई खरी, जखम खरी,” सर म्हणाले. “जंगल की शेत, वाचकाला काय फरक पडतो? आणि आता शिळी झाली ती बातमी.”

“सर, पण गावाचा अर्ज...”

“तू शिकायला आलीस ना? तुझ्या सर्टिफिकेटवर सही माझी लागते, एवढं लक्षात ठेव.”

मी फोन घेतला. “साहेब, मी हिची आई. तुमच्या घरात शिरून कोणी तुम्हाला मारलं, आणि पेपरात आलं की तुम्हीच रस्त्यावर मारामारीला गेले होते, तर फरक पडेल का?”

ते म्हणाले, “बघू. दोन-तीन ओळींचा खुलासा टाकू.” फोन ठेवला.

एक बाई म्हणाली, “जंगल पहिल्या पानावर, बांधी आतमधी?” बाकीच्या हसल्या. मला हसू आलं नाही. माणसाला बदनाम करायला ठळक टाइप, आणि धुवून काढायला कोपऱ्यातलं बारीक अक्षर, हा कुठला न्याय?

शेवटचा ऑटो गेला होता, म्हणून नामदेवभाऊंकडे मुक्काम. रात्री नव्या तांदळाचा भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, पोपटीच्या शेंगांची भाजी. शेंगा शेवंताबाईनं पाठवलेल्या. हॉटेल शोधणाऱ्यांनी सिंदेवाहीतच थांबावं. आम्हाला मिळालं ते पाहुणचार म्हणून, आणि आम्ही त्याच्या लायक होतो असं मला अजून वाटत नाही.

सकाळी प्रणालीनं वहीत सगळं नव्यानं लिहिलं. पहिली ओळ : ‘आधीची बातमी मी गावात न जाता लिहिली होती, ती चूक माझी.’ मग शेवंताबाईचं म्हणणं तिच्याच शब्दांत, पावलं, फोटो. लिहिलेलं तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवंताबाईनं एका जागी थांबवलं, “विळा उजव्या हातात होता, लिही.” प्रणालीनं लिहिलं. एक प्रत अर्जाला जोडायला नामदेवभाऊंना दिली, दुसरी पेपरसाठी घेतली. मग परतीची गाडी धरली.

चौथ्या दिवशी पेपरात तीन ओळी आल्या, आतल्या पानावर, जाहिरातीच्या खाली. ‘चूक माझी’ कापलेलं, पावलं कापलेली. नुसतं ‘सदर घटना शेतशिवारात घडल्याचे समजते’. समजते म्हणे! पोरगी मोजून आली होती. सर्टिफिकेट अजून आलेलं नाही. प्रणालीनं हा सगळा मजकूर विद्यापीठातल्या बाईंना जसाच्या तसा प्रात्यक्षिक म्हणून दिलाय. गुण काय मिळतील ते मिळोत. आमचे हे म्हणाले, “वर्ष गेलं तर?” ती म्हणाली, “गेलं तर गेलं, बाबा.” मी मध्ये पडले नाही.

अर्जाचं मात्र हललं. हातानं लिहिलेली ती प्रत पाहून साहेबांनी माणसं दिली, दोन राखणदार बांधावर येऊन बसायला लागले, असा कमलताईंना माहेरहून फोन आला. शेवंताबाईची बांधी गावानं मिळून कापली. तिनं निरोप दिलाय : “पेपरवालीले म्हणा, नवा तांदूळ खायले ये. येताना फोन लाव, लागला नाई तरी ये.”

भिंतीवरचं कात्रण मी काढलं. खळीचा डाग राहिलाय, घासून जात नाही. संध्याकाळी तिथंच बसून जप करते. पहिली माळ ठीक होते. दुसरीत बत्तिसाव्या मण्यावर बोट आपोआप थांबतं. तिथे विळा पडला होता.