घासून ठेवलेला डबा

एकट्या राहणाऱ्या वृद्धांना आमचं मंडळ दुपारचा डबा पोचवतं. याद्या माझ्याकडे असतात. आदल्या दिवशीचा डबा रिकामा परत आला की नावापुढे खूण करायची, ही आमच्या कामाचा उपयोग मोजायची साधी रीत. तात्यांच्या नावापुढची खूण कधी चुकली नाही. त्यांचा डबा नेहमी लख्ख घासलेला यायचा.

मागच्या आठवड्यात तात्या गेले. त्यांच्याकडे राहिलेला डबा आणायला मी स्वतः गेले. शेजारच्या वहिनींनी तो माझ्या हातात दिला.

"अहो, ते कुठं जेवायचे! अन्न जातच नव्हतं त्यांना. घरामागच्या कुत्र्यांना घालायचे सगळं."

"मग सांगायचं ना! डॉक्टरांना दाखवलं असतं."

"मी म्हटलं हो, कळवते म्हणून. तर माझ्यावरच ओरडले. म्हणाले, डबा बंद झाला तर माझ्या दाराशी येणार कोण, तू?"

डबा देणारा आमचा माणूस दोन मिनिटं टेकायचा, गुडघ्याची चौकशी करायचा. तेवढ्यासाठी तात्या रोज भांडं घासत होते, आणि मी महिनोन्‌महिने कुत्र्यांचं जेवण मोजत होते.

घरी येऊन यादी उघडली. सगळ्या नावांपुढे खुणा. डोळ्यांपुढून त्या हलेनात, तेव्हा पहिल्या नावाच्या आजींना फोन लावला.

"आजी, जेवण जातं ना हो?"

 घाईघाईनं उत्तर आलं, "जातं, जातं. उद्या येईल ना तुमचा माणूस?"