बिराप्पांची अर्धी ओवी

"ह्यात बिरू न्हाय," म्हाळाप्पा म्हणाले आणि त्यांनी हेडफोन काढून माझ्या टेबलावर ठेवला.

मी म्हटलं, पुढं असेल, ऐका की. पण पुढंही नव्हता हे मला पक्कं ठाऊक होतं. बिराप्पांचा आवाज मीच काढून टाकला होता.

नवी पेठेच्या मागच्या गल्लीत माझा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे काय, मधे काच असलेल्या दोन खोल्या. भजनं, शाळांची स्वागतगीतं, दुकानांच्या जाहिराती, येईल ते करतो. सत्तावीस वर्षं हेच केल्यामुळं आपल्याला सगळं कळतं असा एक माज अंगात मुरला होता.

गेल्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका संस्थेनं धनगरी ओव्या जतन करायचं काम दिलं. म्हाळाप्पा आणि बिराप्पा हे मैंदर्गीकडचे मेंढपाळ, चुलतभाऊ, दोघंही सत्तरीपुढचे. जत्रेत गावची माणसं गजी नाच करतात, म्हणजे ढोलाच्या तालावर रुमाल उडवत गोलात नाचतात, तेव्हा हे दोघं ओव्या म्हणायचे. मी प्रत्येकापुढं एकेक माइक लावला आणि दोघांचे ट्रॅक वेगळे घेतले. ट्रॅक वेगळा म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्याला धक्का न लावता कमी-जास्त करता येतो, नको असेल तर काढताही येतो.

म्हाळाप्पांचा आवाज खणखणीत होता. त्यांची ओळ मराठीत असायची. बिराप्पा त्यांच्यामागून कानडीत म्हणायचे, मधेच दम लागून खोकायचे. मला कानडी ओ की ठो येत नाही. हे झीलकरी, म्हणजे पुढच्याचीच ओळ मागून म्हणणारे, असं मी धरून चाललो.

संस्थेच्या मॅडमचा फोन आला. मागचे काका फार खोकतात, शिवाय तेच तेच परत म्हणताहेत, तर त्यांना काढता येईल का?

"येईल की," मी म्हटलं.

म्हाळाप्पांना एक फोन करायला माझे हात मोडले नव्हते. पण केला नाही. दोन दिवसांत बिराप्पांचा ट्रॅक उडवला. म्हाळाप्पांच्या माइकात बिराप्पांचा बारीकसा आवाज पाझरला होता, तोही निपटून काढला. मग प्रचाराच्या गाण्यांची कामं आली, डिस्क भरली. तेव्हा रॉ फाइल्स, म्हणजे काटछाट न केलेलं मूळ रेकॉर्डिंग, पुसून टाकल्या. मॅडमनी आवाज किती स्वच्छ आलाय म्हणून कौतुक केलं आणि मी ते खुशाल घेतलं.

दिवाळीनंतर बिराप्पा वारले. आता जत्रा तीन आठवड्यांवर आली होती आणि म्हाळाप्पा बिराप्पांच्या लेकीला, लक्ष्मीला, घेऊन आले होते. ती शहरात युनिफॉर्म शिवायला जाते. रेकॉर्डिंगवरून वडलांच्या ओव्या शिकून यंदा त्यांच्या जागी ती उभी राहणार होती.

मी जे केलं ते सरळ सांगून टाकलं. मला फार लाज वाटली. मग म्हटलं, तुम्ही जन्मभर ऐकलंय, तुम्हीच शिकवा तिला.

"ऐकलंय व्हय," म्हाळाप्पा म्हणाले. "पर तो म्हनाय लागला की मी दम घ्यायचो, फुडचं जुळवायचो. अर्दं माजं, अर्दं त्याचं. त्याच्या बापानं त्याला दिल्यालं. दुसऱ्याचं आपल्या तोंडात घ्यायचं न्हाय, असा रिवाज हाय."

"आणि नुसत्या तुमच्या ओळीवर नाच?"

"पाय वळतो तो बिरूच्या ओळीवर, साहेब."

डेटा परत काढून देणाऱ्या माणसाकडं डिस्क नेली. मूळ फाइलींच्या जागेवर प्रचाराची गाणी बसली होती, काही निघालं नाही. शेवटी जुन्या लॅपटॉपवर एक फाइल सापडली. रेकॉर्डिंगआधी गायकाला काहीतरी म्हणायला लावून आपण माइक किती उघडायचा ते ठरवतो, त्या चाचणीची. एक ओवी, एकोणीस सेकंद. बिराप्पांच्या ओळीच्या मधोमध खोकला.

दोघांना बोलावून ती लावली. लक्ष्मीनं पुन्हा लावायला सांगितलं, मग पुन्हा. पाचव्या-सहाव्या वेळी तिनं वडलांबरोबर सूर धरला. खोकल्यापाशी आली आणि थांबली.

"तितं थांबू नगं, बाई," म्हाळाप्पा म्हणाले. "तितं शबुद हाय."

"कुठला, काका?"

म्हाळाप्पा बराच वेळ आठवत राहिले. पण त्यांना तो सापडला नाही. मी यंत्रं लावून पाहिली, पण खोकल्याखाली शब्द नव्हताच, दमच गेला होता. मूळ रेकॉर्डिंगमधे तो बिराप्पांनी नीट म्हटला असणार आणि ते मी पुसलं होतं.

जत्रेला मी गेलो. जाववत नव्हतं, तरी गेलो. गजी झाली. तीच एक ओवी फिरून फिरून म्हटली. प्रत्येक वेळी त्या शब्दापाशी लक्ष्मी गप्प राहायची आणि नाचणारी माणसं उचललेला पाय तसाच धरून उभी राहायची. मग पुढची अक्षरं आली की वळायची.

मूळ फाइल पुसू नये, हे धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. मी एवढंच जोडीन: जे आपल्याला कळलेलं नाही, ते आधीचंच दुसऱ्यांदा म्हटलेलं आहे असं समजू नये.