समासातली पेन्सिल

पुस्तकबांधणीच्या खळीचा वास आला की दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली आमची शहापूरची शाळा आठवते. मी तिथे विज्ञान शिकवत होतो. एकदा किन्हवलीचे धोंडूबाबा मुलाचं भौतिक रसायनाचं पुस्तक पंच्यात गुंडाळून घेऊन आले. मुलगा त्याच विषयात नापास होऊन कॉलेजातून परतला होता आणि महिन्याभरात तापाने गेला होता.

"मास्तर, बुकात काय खोट हाय का?"

मी सुबक छपाई पाहिली, चार पानं उलटली. "पुस्तक उत्तम आहे."

"मंग पोरगाच कमी पडला," म्हणत पुस्तक तिथेच ठेवून ते गेले.

पुढे वाचायला घेतलं, तेव्हा दिसलं, लेखकाने समीकरणाची एक पायरीच गाळली होती. समासात मुलाने पेन्सिलीने विचारलं होतं, 'मधलं कुठे गेलं?'

किन्हवली काही लांब नव्हती. मी गेलो नाही.