मुलाखतीसाठी आणलेलं पांढरं कापड

आता हे तुम्हाला कुठून सांगायला सुरुवात करू, तेच कळत नाही. गाढवपणा माझाच आहे, त्यामुळे सांगायचा हक्कही माझाच. फक्त चहा संपवून घ्या. मागच्या वेळी हे ऐकताना एका मित्राच्या नाकातून चहा आला होता.

मी ओतूरजवळ एका हायस्कुलात गणित शिकवतो. बोलणं कमी. आमच्या घरात बोलण्याचं खातं माझ्या बायकोकडे होतं. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून मी आणि मुलगी मृणाल एकमेकांना मान हलवून उत्तरं देतो, आणि दोघांच्या वाटचं आत्या बोलते. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. सासर महाळुंगे पडवळचं, पण म्हातारपणी माहेरी आमच्याकडे राहते. गुडघे गेलेत, आवाज शाबूत आहे.

तर मुलाखत होती मृणालची. पुण्यातली सॉफ्टवेअर कंपनी, इंजिनिअरची जागा, शेवटची फेरी, आणि तीही घरूनच, लॅपटॉपवर. याआधी दोन कंपन्यांत ती शेवटच्या फेरीत गळाली होती. त्याचं वाईट आम्हाला एकदा वाटलं असतं, पण गावानं ते रोज वाटायला लावलं. दूध घालायला जा, "सर, पोरीचं काय झालं?" एसटीत चढा, "सर, पोरीचं काय झालं?" एका पालकानं तर मुलाच्या सहामाहीच्या पेपरावर सही करता करता विचारलं. मृणालनं स्टँडकडे जाणंच सोडलं. या वेळी नाही झालं तर हा नाद सोडून बी.एड. करीन, असं ती म्हणाली, आणि हे ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

म्हणून मी ठरवलं, या वेळी कोणाला पत्ता लागू द्यायचा नाही. अगदी आत्यालाही नाही.

तयारीला मात्र मीच होतो. रोज संध्याकाळी मी कंपनीचा साहेब व्हायचो. मृणालनं दिलेला प्रश्न तिलाच विचारायचा. म्हणजे असं की, आकड्यांची एक लांब रांग आहे, त्यातले कोणते दोन मिळवले की शंभर होतात ते शोध. ती सुरू व्हायची, "आधी मी प्रत्येक जोडी तपासून बघेन. पण रांग फार लांब असली तर त्यात खूप वेळ जाईल. मग मी काय करीन, पाहिलेला आकडा लक्षात ठेवून पुढे जाईन..."

"उत्तर लिही ना," मी म्हणायचो. "बडबड कशाला?"

"बाबा, त्यांना उत्तरापेक्षा डोक्यात काय चाललंय ते ऐकायचं असतं. मागच्या दोन्ही वेळी माझं उत्तर बरोबर होतं. मी गप्प बसून सोडवलं, म्हणून गेले. गप्प बसलेल्या माणसाच्या मनात काय आहे, ते समोरच्याला कसं कळणार?"

मला काही ते पटलं नाही. इतकी वर्षं मी मुलांना तोंड बंद करून गणितं सोडवायला सांगत आलोय.

मुलाखतीचा दिवस आला. सकाळी अकराची वेळ. मृणाल म्हणाली, मागची भिंत स्वच्छ दिसली पाहिजे. आता आमच्या बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर काय नाही? कॅलेंडर, पतसंस्थेचं घड्याळ, आत्यानं लावलेले चार देव आणि गळक्या पावसाळ्यांचे नकाशे. मी म्हटलं, काळजी करू नकोस, मी बघतो.

आधी आत्याची सोय लावली. तिचे डोळे तपासायचे राहिलेच होते. ओळखीची रिक्षा बोलावली आणि तिला आळेफाट्याला धाडलं. थंडी म्हणून डोक्यावरून शाल गुंडाळली. गुडघे वाकत नाहीत, म्हणून मी आणि मृणालनं दोन्हीकडून धरून तिला आत ठेवल्यासारखं ठेवलं. शेजारचा पोपटभाऊ गोठ्यातून बघत होता. मी काही बोललो नाही. मग त्याच्या कुंपणाशी जाऊन एवढंच म्हणालो, "पोपटभाऊ, कडबाकुट्टीचं मशीन दुपारपर्यंत बंद ठेवाल का?"

पोपटभाऊनं माझ्याकडे बघितलं, डोक्याचं फडकं काढलं आणि म्हणाला, "ठेवतो सर. ह्ये काय इचारायचं झालं?"

किती समजूतदार शेजारी, असं मला वाटलं.

तिथून मोटारसायकल काढून ओतूरला कापडाच्या दुकानात गेलो. शेठ नुकतेच गादीवर बसले होते. त्यांचे आजोबा मारवाडातून आले, पण आता शेठ आमच्यापेक्षा अस्सल मराठीत घासाघीस करतात. एक रुमाल घ्यायचा तरी आधी चहा, मग चार गठ्ठे, मग भांडण.

"पांढरं मांजरपाट द्या," मी म्हटलं. "कोरं. पाच मीटर. जरा घाईत आहे."

शेठ लगेच उठले. चहा नाही, गठ्ठे नाहीत. कापड मोजलं, कात्री न लावता हातानं टर्रकन फाडलं. मी सवयीनं विचारलं, "भाव काही कमी?"

"सर," शेठ हळू आवाजात म्हणाले, "ह्या कापडाचा भाव करत नाहीत."

एकच दर दिसतोय, मी मनात म्हटलं. शेठ सुधारले. त्यांनी गल्ल्यामागून बाहेर येऊन माझा खांदाही दाबला.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं. गणिताचा मास्तर मी, समोर सगळी पदं मांडलेली, आणि बेरीज करायची सुचली नाही.

घरी येऊन कापड भिंतीवर ठोकलं. टेबल खिडकीशी आणायचं म्हणून दिवाण, सोफा, टीव्ही सगळं अंगणात काढलं. बायकोचा फोटो मात्र मृणालनं लॅपटॉपच्या मागे, स्वतःच्या समोर ठेवून घेतला. अकरा वाजता दार आतून लागलं आणि मी उंबऱ्याबाहेर पायरीवर खांद्यावर टॉवेल टाकून पहाऱ्याला बसलो.

पहिल्यांदा कोपऱ्यावरचा पिठाच्या गिरणीवाला आला. मी ओठावर बोट ठेवलं. त्यानं मान खाली घातली, चपला दूर काढल्या आणि अंगणातल्या सोफ्यावर न बसता जमिनीवर बसला. त्याच्या मागून आमचे मुख्याध्यापक. मग सोसायटीचे चेअरमन. मग दोघं, मग चौघं.

माझं डोकं तापलं. म्हणजे फुटलीच बातमी. मुलाखत घरात, आणि गाव अंगणात. पण माणसं इतकी शहाण्यासारखी गप्प बसली होती की हाकलायचं तरी कशावरून? गावाला सुधारणा मानवली म्हणायची.

चेअरमन माझ्याजवळ सरकले. "धीर धरा सर. आता आपल्या हातात काय हाय?"

"तेच ना," मी पुटपुटलो.

"गाडी कवा येनार?"

आत्याची रिक्षा यांना कशाला हवी, ते कळलं नाही. "बारापर्यंत येईल."

त्यांनी पाठीमागे वळून कोणाला तरी बारा वाजल्याची खूण केली. घराच्या कडेला पोपटभाऊ बांबू तोडत बसला होता. आमच्याकडे टोमॅटोच्या दिवसांत ज्याच्या त्याच्या खांद्यावर बांबू असतात, त्यामुळे त्याचं काही नाही. त्याच्याशेजारी नवं मडकं कशाला होतं, हा प्रश्न मला पडायला हवा होता.

तेवढ्यात महाळुंग्याहून जीप आली. आत्याच्या सासरची माणसं. पुढे तिची धाकटी जाऊ. जीपमधून पाय खाली टेकता टेकता तिनं पदर तोंडावर घेतला आणि गळा काढला, "अगं माझे बाईऽ"

मी पायरीवरून उडीच मारली. दोन्ही हात जोडले, बोट ओठावर दाबलं, मानेनं नाही नाही केलं. आत मृणालचा आवाज चालला होता, "म्हणून मी दुसरा मार्ग घेईन..." ती माऊली हुंदका गिळून बायकांत जाऊन बसली. मला बघून म्हणाली, "कसा घट्ट मनाचा हाय बघा."

आणि मग आत्याची रिक्षा आली.

डोळ्यांत औषध घातलेलं, वर काळा चष्मा. तिला धड दिसत नव्हतं, पण अंगणातलं सामान आणि बसलेली माणसं तेवढी कळली. बिचारी मुकाट्यानं काठी टेकत बायकांत आली आणि जावेशेजारी बसली. पदर डोळ्याला लावला. आवाज मात्र नेहमीचाच, त्यामुळे मला पायरीवर ऐकू आला.

"कोन गेलं गं?"

जावेनं पदराआडूनच सांगितलं, "अवं आमच्या थोरल्या बाई गेल्या. ह्यांच्या आत्या."

आत्या क्षणभर गप्प. तिच्या आयुष्यातला तेवढाच क्षण असावा. मग म्हणाली, "मी? आन मला कुनी सांगितलं बी न्हाई?"

जावेनं पदर बाजूला करून बघितलं. त्यानंतर जी किंकाळी फुटली, ती आळ्याच्या शिवारात बिबट्यानंही ऐकली असेल.

दार उघडलं. मृणाल उभी, कानावर हेडफोन, त्याची वायर टेबलापर्यंत ताणलेली. अंगणात सगळे उभे, आत्या मध्ये बसलेली, पोपटभाऊच्या हातात मडकं.

"बाबा, हे काय आहे?"

मी अंगणाकडे हात केला.

तिनं माझ्याकडे बघितलं, अंगणाकडे बघितलं, आणि महिनाभर घोटलेल्या सवयीनं मोठ्यानं बोलायला लागली. "थांबा. आत्या सकाळी शाल पांघरून रिक्षातून गेली. कडबाकुट्टी बंद ठेवायला सांगितली. पांढरं कापड आणलं. सामान बाहेर काढलं. बाबा गप्प बसले." मग तिनं कपाळाला हात लावला. "बाबा, तुम्ही कोणाला काहीच सांगितलं नाहीत ना?"

आतून, लॅपटॉपमधून, एका बाईंचा आवाज आला, "मृणाल, घरी सगळं ठीक आहे ना?" माईक चालूच होता. मृणाल लाल होऊन आत पळाली. दार पुन्हा लागलं. संपलं सगळं, मी म्हटलं, आणि पायरीवर बसलो. आता मात्र मी खरोखरच सुतकात दिसत असेन.

अंगणात आत्या हजेरी घेत होती. "गिरनीवाला आला. हेडमास्तर आला. पल्याडच्या आळीतलं कुनीच न्हाई? लक्षात ठिवते." मग पोपटभाऊकडे वळली. "आन पोपट, बांबू आखूड हायेत. मी काय एवढुशी हाय व्हय?"

पोपटभाऊ माझ्याजवळ येऊन टेकला. शेठचा फोन त्यालाच आला होता. पुढचं गावानं आपोआप केलं.

"सर, एक शब्द बोलला असता तर?"

मी खांद्यावरचा टॉवेल काढून मांडीवर घेतला.

"मागल्या बारीला, वयनींच्या टायमाला, तुमी असंच गप व्हता. आमी समजून घेतलं. आज बी समजून घेतलं. आता आमचं काय चुकलं, सांगा."

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. त्या दिवशीही कापड, बांबू, माणसं, सगळं मी न बोलता आलं होतं, आणि मी त्याला कधी साधं "बरं केलंस" म्हणालो नव्हतो. ते मी तेव्हा म्हणालो. तो म्हणाला, "राहू द्या ओ," आणि बांबू टोमॅटोच्या वावरात घेऊन गेला.

आठवड्यानं मृणालला कंपनीचा फोन आला. नोकरी मिळाली. तिनं सांगितलं की किंकाळीच्या वेळी एकच प्रश्न उरला होता. एखादी चूक नेमकी कुठून सुरू झाली, ते तू कसं शोधतेस? बाई म्हणाल्या, आता विचारत नाही, आत्ताच ऐकलं.

"म्हणजे माझ्यामुळेच मिळाली," मी म्हणालो.

"तुझी मुलाकत घेतली असती," आत्या आतून म्हणाली, "तर उंबऱ्यावरनंच घरी धाडला असता."

मृणाल पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी मी पुन्हा शेठच्या दुकानात गेलो. एक पांढरा रुमाल मागितला. शेठनी हात मागे घेतला.

"सर, राग मानू नका. कशाला पाहिजे, ते आधी मोठ्यानं सांगा."

दुकानात गिऱ्हाईक होतं. मी घसा खाकरला. मनातलं बोलून दाखवायचं, हे आता मीही शिकलो होतो.

"रडायला," मी म्हणालो.

शेठनी लगेच पोपटभाऊला फोन लावला.