रॅकेटला रॅकेट

“रॅकेट पुढं कर. हात नको.”

केतकीच्या आईनं हे कोर्टाबाहेरच्या खुर्चीवरून सांगितलं. ओरडून नाही. पोरगी डबा विसरून निघाली की आई जशी मागून आठवण करते, तसं. आम्ही दोघी तेव्हा तेरा वर्षांच्या. कोल्हापुरातल्या क्लबचं लाल मातीचं टेनिस कोर्ट, डबल्सची आमची पहिली मॅच, आणि पहिला पॉइंट आम्ही जिंकलेला. नेटवर मी मारलेल्या फटक्यानं.

डबल्समध्ये पॉइंट झाला की जोडीदार जवळ येतात, तळहातावर तळहात मारतात. पॉइंट गेला तरी मारतात. मी हात पुढं केला होता. केतकीचाही निम्म्यापर्यंत आला होता. आईचा आवाज आला आणि तो मागं गेला. तिनं रॅकेट पुढं केली. मग मीही केली.

टक्.

आज माझी चाळिशी जवळ आली. भाजी चिरताना सुरी ताटाला लागली तरी मी दचकते.

आबा, म्हणजे माझे वडील, त्याच क्लबात कोर्टाचं काम करायचे. मातीवर पाणी मारायचं, रोलर ओढायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आम्ही बौद्ध. घरात कुणापुढं वाकायचं नाही, ही शिकवण. क्लबात मात्र आमची जुनी जात सगळ्यांना तोंडपाठ. आबांचा पाण्याचा पेला रोलरच्या शेडमध्ये, वेगळा. असा नियम कुणी केला नव्हता. करायची गरजच नव्हती.

मी शेडमागच्या भिंतीवर बॉल मारून शिकले. एक दिवस कोचनी पाहिलं. केतकी मागून चांगली खेळायची, पण नेटजवळ उभं राहायला घाबरायची. मला अंगावर येणाऱ्या बॉलची भीती नव्हती. कोच म्हणाले, या दोघींची जोडी लावू. केतकीच्या आईनं चार दिवस विचार केला, मग हो म्हटलं. त्या चार दिवसांत तिच्या घरी काय ठरलं, ते मला पहिल्या पॉइंटला कळलं.

घरी येऊन आबांना सांगितलं. ते पायाची माती धूत होते. वर न बघता म्हणाले, “खेळ की तू. हात घिऊन काय करायचाय?”

मी खेळले. दहा वर्षं. आधी जिल्हा जिंकला, मग राज्य, मग देश. केतकीच्या बुटांच्या आवाजावरून मला कळायचं ती कुठं मारणार. माझा खांदा किती वळला त्यावरून ती जागा भरायची. दोन माणसं एवढी जवळ असतात का? आणि प्रत्येक पॉइंटनंतर टक्. एका मॅचमध्ये शंभर वेळा. दीडशे वेळा.

परगावी केतकीची आई नसायची. तरी टक्.

आम्ही एका खोलीत राहायचो. तिची बाटली वेगळी, टॉवेल वेगळा. ते सगळ्याच खेळाडूंचं असतं. त्यामुळं खेळातलं कुठं संपतं आणि जातीतलं कुठं सुरू होतं, ते मला सांगता यायचं नाही. हाच सगळ्यात मोठा छळ. एका दुपारी मी झोपलेय असं समजून ती फोनवर आईला म्हणाली, “हो गं आई, पाळते.” काय पाळत होती, मी विचारलं नाही. डोळे मिटून पडून राहिले. मॅच संपल्यावर नेटपाशी समोरच्या पोरींचे हात ती दोन्ही हातांत धरायची. ते मी शेजारी उभी राहून बघायची.

मीही बदलत गेले. आमच्याकडं बाया ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात. केतकीच्या आईनं एकदा हसत सुधारलं, तेव्हापासून मी ‘आले, गेले’ म्हणायला लागले. माझ्या आईशीसुद्धा. आई माझ्याकडं बघत राहायची.

राष्ट्रीय विजेतेपद मिळालं, त्या दिवशी टीव्हीवाल्या बाईनं विचारलं, “तुमची ही रॅकेटला रॅकेट लावायची खास पद्धत, ती कशी सुरू झाली?”

केतकी म्हणाली, “आमची लकी सवय आहे.”

आणि मी हसले. मान हलवून, दात दाखवून हसले.

पुढं क्लबातली लहान पोरं तसंच करायला लागली. हात मारायचे सोडून रॅकेट आपटायची. सगळ्या कोर्टांवर टक्, टक्, टक्. माझ्या अपमानाची फॅशन झाली होती.

आबा तोवर घरी बसलेले. रोलर ओढून गुडघे गेलेले. शेजारच्यांनी ती मुलाखत त्यांना टीव्हीवर दाखवली होती. मी कप घेऊन घरी आले, सगळी गल्ली गोळा झाली, पेढे वाटले. गर्दी पांगल्यावर आबांनी एकच विचारलं.

“तू हसलीस का गं?”

मी पेढ्यांचा रिकामा खोका आवरायला घेतला. ते म्हणाले, “मी तुला खेळ म्हणलं हुतं. हस न्हवतं म्हणलं.”

एवढंच. मग भिंतीकडं तोंड करून पडले. पाठमोरेच बोलले, “माझंच चुकलं. पयल्याच दिशी तुला माघारी आणाय पायजे हुतं.” माझ्या बापाच्या तोंडून ‘माझं चुकलं’ मी पहिल्यांदा ऐकलं. आणि चूक त्यांची नव्हती.

दोन महिन्यांनी आमच्याच क्लबात स्पर्धा होती. सेमीफायनल. खुर्च्या भरलेल्या, पुढच्या रांगेत केतकीची आई. पहिला पॉइंट आम्ही जिंकला. केतकी रॅकेट पुढं करून आली. मी माझी रॅकेट काखेत धरली आणि तळहात पुढं केला.

ती म्हणाली, “काय गं?”

“हात दे.”

“नंतर बोलू. आई बघतेय.”

“बघू दे की.”

अंपायरनं वेळ झाल्याचं सांगितलं. मी हात खाली घेतला नाही. केतकीनं खुर्च्यांकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला बोलू? पण हात आला नाही. अंपायरनं ताकीद दिली.

मी अंपायरकडं गेले. तोंडात आपोआप घरची बोली आली. “मी खेळत न्हाय. चाललो.”

ते घाबरून म्हणाले, “दुखापत लिहू का?”

“दुखापत न्हाय. जोडीदार हात देत न्हाय, असं लिव्हा.”

त्यांनी ‘वैयक्तिक कारण’ लिहिलं.

मग क्लबात मला माज आला असं ठरलं. वर्षभर कुणी जोडीला घेतलं नाही. डबल्सच्या खेळाडूला जोडीदार नसला की तिचं घरी बसणं ठरलेलं. मी पुन्हा भिंतीवर मारत बसले. त्याच वर्षी आबा गेले.

मग चंदगडची रंजना भेटली. शेतकऱ्याची पोरगी, राजारामपुरीत मावशीकडं राहून खेळायची. पहिल्याच पॉइंटला तिनं धावत येऊन हात वर केला.

माझा हात मागं गेला. माझाच. आपोआप.

ती हात तसाच धरून उभी राहिली. मी मारला, पण दहा वर्षांची सवय अंगात होती. आम्ही दोनदा देश जिंकलो, तरी प्रत्येक पॉइंटला माझा हात आधी अडायचा, मग जायचा. रंजना त्या अडण्यासाठी थांबायची. आजही कुणी हात पुढं केला की मी आधी त्याच्या चेहऱ्याकडं बघते.

गेल्या आठवड्यात केतकीचा फोन आला. पुण्याहून. क्लबात जुन्या विजेत्यांचा सत्कार आहे, आपण दोघींनी एक सेट खेळावा, असं क्लबचं म्हणणं. ती म्हणाली, “या वेळी मी हात देईन. सगळ्यांसमोर. तेव्हा मला कळत नव्हतं गं.”

मी म्हणाले, “तेरा वर्षांची होतीस तेव्हा कळत नसंल. तेवीसची होतीस तेव्हा कळत हुतं.”

तिनं हळूच विचारलं, “मग मी काय करू?”

“हात का देत न्हवतीस, ते तिथं माईकवर सांग. आई समोर बसलेली असताना.”

“आई आता थकलीय गं.”

“माझा बाप ऱ्हायला न्हाय.”

तिनं फोन ठेवला. पुन्हा केला नाही.

मला आता तिचा हात नको. पंचवीस वर्षांनी फोटोसाठी दिलेला हात घेऊन मी काय करू?

सत्कार येत्या रविवारी आहे. मी जाणार आहे. रॅकेट नेणार नाही. शाल घेणार नाही. त्या लाल मातीवर, जिथं आबांनी रोलर ओढला, तिथं मधोमध उभी राहून पहिल्या पॉइंटपासून सगळं सांगणार आहे. ‘लकी सवय’ म्हटल्यावर मी हसले, तेही सांगणार आहे. माईक दिला तर माईकवर. नाही दिला तर माझा आवाज कोल्हापूरचा हाय. शेवटच्या खुर्चीपर्यंत जातो.