मावशींचा दात आणि दोरा

पिकोवाल्या मावशींनी कात्री कधी वापरली नाही. इंदिरानगरमध्ये आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत त्या राहायच्या आणि दारातच मशीन मांडून साड्यांना फॉल-पिको करायच्या. टाका संपला की मान वाकवायची, दोरा पुढच्या दातांत धरायचा आणि कट्‌कन तोडायचा. "कात्री शोधेपर्यंत माझी दुसरी साडी व्हती," असं वर ऐकवायच्या. माझ्या लग्नातल्या सगळ्या साड्यांचे दोरे त्यांच्याच दातांनी तुटले आहेत.

दातांहून मोठा तोरा डोळ्यांचा. साठी उलटली तरी चष्मा नाही. सुईत दोरा एका झटक्यात ओवायच्या आणि मी चष्मा पुसत उभी असले की खुदकन हसायच्या.

सकाळी मात्र त्यांची मिश्री चालायची. तव्यावर तंबाखू भाजल्याचा खमंग, डोकं उठवणारा वास जिन्यातून थेट आमच्या घरात शिरायचा. मग ती काळी पूड बोटाने हिरड्यांवर चोळत त्या दारात बसून राहायच्या. मी ओरडले की म्हणायच्या, "यानं हिरड्या घट्ट ऱ्हात्यात, पोरी. तुमच्या त्या फेसानं काय व्हतंय?" मी त्यांना तोंडाच्या स्वच्छतेवर व्याख्यान द्यायचे. स्वतःच्या बेसिनमधला गुलाबी फेस मात्र मी रोज नळ मोठा करून घालवत होते. ते त्यांना सांगायचं काही कारण नव्हतं.

एकदा माझ्या मोतिया साडीच्या काठावर लाल ठिपका दिसला. सुई बोचली असेल असं वाटलं. मी विचारायला गेले, तर त्यांनी माझ्यासमोरच एक दोरा तोडला आणि त्याचं टोक लाल झालं.

"मावशी, तोंड उघडा."

"उष्णता हाय, जाईल."

"उघडा म्हणते ना!"

उघडलं. हिरड्या सुजून जांभळट झालेल्या, दातांच्या मुळांपासून मागे सरकलेल्या. वरचे समोरचे दोन दात जीभ लागली तरी हलत होते. "रगत येतं तिथं मी बोटबी लावत नाय, चूळबी हळू भरते," त्या म्हणाल्या, जणू फार मोठी काळजी घेतली होती. मिश्रीमुळे मला वेगळीच धास्ती पडली होती. तो शब्द आम्ही दोघींनीही काढला नाही.

डॉक्टरकडे जायला त्या आठ दिवस तयार होईनात. शेवटी मशीनच्या चाकावर हात ठेवून म्हणाल्या, "वरचा दात काढला का नजर जाती. आमच्या वणीत एकीची गेली. मग मी काय करू?" मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली, कारण त्या नजरेवरच त्यांचं पोट होतं. माझी आईसुद्धा हेच सांगायची. रिक्षात बसल्यावर मलाही वाटायला लागलं, खरंच काही झालं तर? यांना ओढून नेणारी मीच.

डॉक्टरबाईंनी गालाच्या आतून, जिभेखालून सगळं निरखून पाहिलं. तसलं काही नव्हतं. दाताचा आणि नजरेचा काही संबंध नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. "रक्त येतं म्हणून तुम्ही तिथे साफ करायचं सोडलंत आजी, आणि साफ केलं नाहीत म्हणून रक्त वाढत गेलं. बाकीचे दात वाचतील. पण मिश्री बंद, आणि मऊ ब्रशने रोज दोनदा, जिथे रक्त येतं तिथेसुद्धा." समोरचे दोन मात्र काढावेच लागले. मी बाहेर बाकावर पर्स घट्ट धरून बसले होते.

मावशी तोंडात कापूस धरून बाहेर आल्या. कोणाकडे न बघता त्यांनी ब्लाऊजला टोचलेली सुई काढली, पिशवीतून रीळ काढलं, सुई उजेडासमोर धरली. दोरा पहिल्याच झटक्यात गेला. मला तिथेच रडू फुटलं.

मग सवयीने त्यांनी दोरा तोंडाकडे नेला आणि थांबल्या. तिथे आता फक्त कापूस होता. त्यांनी दोरा माझ्यापुढे केला. मी तो दातांत धरला आणि तोडला.

टोकाला फिकट लाल डाग होता. मी चष्म्यातून तो पाहायच्या आधीच त्यांनी पाहिला. तोंड बंद असल्याने बोलता येईना. त्यांनी माझं मनगट गच्च धरलं आणि डॉक्टरबाईंच्या खुर्चीकडे बोट केलं. मी मागे ओढत होते, पण हात काही सुटला नाही.

आता मावशी वणीला लेकीकडे असतात. फोनवर आधी विचारतात, "रगत?" आणि मग, "जेवली का?" मी बेसिनकडे एकदा बघून येते आणि मगच उत्तर देते.